गव्हातला हिरवा डाग

१

फ्लेक्स कापलेला पहिल्यांदा पाहिला तो कौशल्याबाईंनी. मारुतीला पाणी घालायला गेल्या होत्या, त्या भरला तांब्या तसाच हातात घेऊन परत आल्या. मी त्यांच्याच ओसरीवर बसून माझ्या लेकीला, अनूला, मऊ भात भरवत होते आणि ती तो हसत हसत बाहेर काढत होती.

"ताई, तुमच्या फोटूले कोणंतरी कापलं."

"फाडला?"

"फाडला नाही. कापला. मधातून. भाकरीएवढा."

मी अनूचं तोंड पदराला पुसलं, तिला कडेवर टाकलं आणि निघाले.

तो फ्लेक्स आदल्या संध्याकाळी मीच देवळाच्या सभामंडपात टांगला होता. मेहकरला छापून आणलेला, भिंतभर. वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स कोळदऱ्याला नवे नव्हते. पण ज्यावर कोणाचंच तोंड नाही असा फ्लेक्स गाव पहिल्यांदाच पाहत होतं. त्यावर होती फक्त पांढर. नाल्याकाठचं ते उंचवट्याचं शेत. फार पूर्वी तिथे वस्ती होती, मातीची घरं मातीत मिसळली आणि जमीन पांढरट पडली, एवढं गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. दिवेलागणीनंतर तिकडे कोणी फिरकत नाही, कारण पांढर जागी असते म्हणतात.

मी विद्यापीठाच्या पुरातत्त्वाच्या कामासाठी तिच्यावर ड्रोन उडवला तो माघात, गहू ओंबीवर आलेला असताना. जमिनीवरून पाहिलं तर नुसता गहू. वरून पाहिलं आणि मी ड्रोन तिथेच थांबवला. खाली विटांची भिंत असली की गव्हाची मुळं खोल जात नाहीत, तिथला गहू ठेंगणा राहतो आणि आधी पिवळा पडतो. त्या पिवळ्या रेघांनी अख्खं गाव काढून दाखवलं होतं: घरं, बोळ, मध्ये एक मोठा चौक आणि पूर्वेला वेशीची लांबलचक भिंत.

संध्याकाळी लोकांनी गर्दी केली होती. पण कोणालाही काही सापडेना. "ताई, माह्यं घर कोठी हाय?" "माही विहीर दाखवा ना." "बे, ते विहीर नोय, ते तुह्या सासऱ्याचं टक्कल हाय!" हसू उसळत होतं. स्वतःचं शेत माणसाला वरून ओळखू येत नाही. प्रत्येकाचं बोट धरून मला दाखवावं लागलं.

आणि आता त्या फोटोत एक भोक होतं. चारी कडा सरळ, ब्लेडनं घाई न करता कापलेल्या. भोकातून मागची भिंत दिसत होती, वर्षानुवर्षांच्या शेंदरानं लाल झालेली.

"लय वंगाळ झालं, ताई," मागून गोपाळराव म्हणाले. गोपाळराव म्हणजे कौशल्याबाईंचे दीर. पावसाळ्याच्या तोंडाशी मोटारसायकलवरून पडल्यापासून जरा लंगडतात. मी भोकाकडे पाहत होते, तेवढ्यात अनू कडेवरून घसरून खाली उतरली होती. त्यांनी चटकन वाकून तिच्या गालात बोट घातलं आणि फ्लेक्सचा एक खिळा बाहेर काढला. "हे पोट्टी सारं तोंडात घालते. खाली नका ठेवत जाऊ हिले."

मी अनूला घट्ट धरलं, आणि तशीच पुन्हा त्या चौकोनाकडे पाहत राहिले.

चौक शाबूत होता. घरं शाबूत होती. ज्यासाठी कोणी काही चोरावं ते सगळं जागच्या जागी होतं. कापलेल्या जागी, मला आठवत होतं तेवढं तरी, गव्हाशिवाय काहीच नव्हतं.

२

त्या दिवशी ग्रामसभा होती. पांढर सोलर कंपनीला भाड्यानं द्यायची की अभ्यासासाठी राखायची, हे ठरायचं होतं. शेत कौशल्याबाईंच्या नवऱ्याच्या नावावर, पण आजूबाजूच्या साऱ्यांच्या जमिनी त्याच करारात, म्हणून अख्खं गाव गुंतलेलं. फ्लेक्स कापल्याच्या गडबडीत सभा आठवड्यानं पुढे गेली.

साहजिकच सगळ्यांची बोटं दीपककडे वळली. दीपक सोलरवाल्यांचा एजंट, गावातलाच. चहाच्या टपरीवर बाकावर पाय घेऊन बसला होता.

"मॅडम, मले तुमचा फोटो नकोसा हाय, हे मी लपवलं कधी?" तो म्हणाला. "पण मी भाकरीएवढं भोक पाडत बसलो असतो काय? मी अख्खा जाळला असता. अन् जाळून तुमच्यासमोर चहा पेत बसलो असतो."

"बसलाच आहेस," टपरीवाला म्हणाला.

"तू गप बे."

मला त्याचं म्हणणं पटलं. माणूस उद्धट होता, पण त्याचा उद्धटपणा सरळ होता.

मग अविनाश गुरुजी. शाळेतून निवृत्त झालेले. पावसाळ्यात पांढरीवर मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, एखादं हिरवं पडलेलं नाणं वेचणारे. ते मला आपणहून शोधत आले आणि झाडाखाली नेऊन हलक्या आवाजात म्हणाले, "मॅडम, खरं सांगा. त्या कापलेल्या जागी काय होतं? हंडा होता ना?"

"हंडा वरून दिसत नाही, गुरुजी."

"मग कोणी कापलं कशाला? ज्याला जागा कळली त्यानंच कापली. गुप्तधनाची लक्षणं ही अशीच असतात." त्यांनी मोबाइल काढून मला दाखवला. त्यात आदल्या संध्याकाळी काढलेला फ्लेक्सचा फोटो होता. चौकाच्या मध्यावर त्यांनी बोटानं लाल गोल काढला होता. "मी तर इथं म्हणत होतो."

मला हसू आलं, पण ते लगेच विरलं. ज्याला जागा *हवी* असेल तो फोटो काढून घेईल. गुरुजींनी घेतलाच होता. कापून नेतो तो, ज्याला ती जागा इतरांना दिसायला नको असते.

गुरुजी जाता जाता थबकले. "लेकरू लहान आहे तुमचं. पहिलंच ना? सांभाळा हो. पांढरीत धन काढणारे लोक काय-काय करतात, तुम्ही पेपरात वाचता."

घरी आले तर कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. पायरीवर नाही, दोन हात दूर, अंगणात. माझ्या खोलीच्या दाराकडे त्यांनी मान वर करून पाहिलं. मीही पाहिलं.

दाराच्या चौकटीवर, अगदी वर, एक लिंबू ठेवलं होतं. हळदीकुंकू माखलेलं, टाचण्या टोचलेलं. शेजारी काळी बाहुली.

३

माझी माणसं देऊळगाव राजाची. घरात पूजाअर्चा आहे, उतारे वगैरे नाहीत. तरी त्या लिंबाकडे पाहून मी मागे सरले. अनू माझ्या खांद्यावर झोपली होती, तिचा ओला श्वास मानेवर लागत होता, आणि मला फक्त एवढंच कळत होतं की आत्ताच्या आत्ता बस पकडायची.

कौशल्याबाईंनी हाक मारली तसे गोपाळराव आले; त्यांनी काठीनं लिंबू आणि बाहुली खाली पाडली आणि उकिरड्यावर नेऊन पुरली. "जा ताई तुम्ही," ते म्हणाले. माझ्याकडे पाहत नव्हते. "पोरीले घेऊन घरी जा. फोटूचं काय, फोटू कोठी पळून राह्यला का? जीव महत्त्वाचा."

"तिले काऊन हाकलता, भाऊजी?" कौशल्याबाई म्हणाल्या. "पोलिसाले सांगू ना."

"पोलीस काय करन, वैनी? लिंबाले अटक करन?"

ते गेले. मी पिशवी भरायला घेतली. अनूची दुपटी, बाटली, खुळखुळा. कौशल्याबाई दाराशी बसून तांदूळ निवडू लागल्या. त्या कधी मोकळ्या हातानं बसत नाहीत.

"तुम्ही गेल्या तं घर रिकामं होईन पुन्हा," त्या म्हणाल्या. "लेक अपेक्षा कॉलेजात. दिवसभर मी अन् कोंबड्या."

मग त्यांनी स्वतःच सांगितलं. इतके दिवस त्यांच्या घरात राहून मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं ते.

मोतीराम, त्यांचा नवरा. अपेक्षा पहिलीत होती तेव्हा एके दिवशी शेतातून परतलाच नाही. भांडण नाही, तंटा नाही. पोलिसांत दिलं, विहिरी पाहिल्या. मग पुढच्या जानेवारीत हिवरा आश्रमाच्या उत्सवात, त्या अफाट पंगतीत, तो दिसला. दाढी वाढलेली, अंगावर भगवी छाटी. हाक मारली तर गर्दीत नाहीसा झाला.

"तवापासून मी दरसाल जाते," त्या म्हणाल्या. "पंगत बसली का एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तोंडं पाहत जाते. लोक म्हणतात, बाई वाढाले आली. मी म्हणते, हाव. एकदा पुऱ्याची टोपली हातात देली कोणंतरी, तं वाढतही गेली."

"पुन्हा दिसले कधी?"

"दिसतात ना. एक साल आड, दोन साल आड. पण मले नाही दिसत. माह्या नशिबात नाही ते." त्यांनी तांदळातला खडा अंगणात फेकला. "सोलरवाले म्हणतात मालकाची सही आणा. मालक येईन तवा सही. म्या काय म्हणू?"

मी बाटली पिशवीत घालता घालता थांबले. आपण कोणाला काय विचारतोय हे नीट कळायच्या आधीच मी विचारलं होतं:

"मग दिसतात कोणाला?"

"कोणाले म्हंजे? भाऊजीले."

४

मी गेले नाही.

दुपारी अनू झोळीत झोपल्यावर लॅपटॉप उघडला. फ्लेक्स कापणाऱ्याला वाटलं असेल की फोटो म्हणजे तेवढाच. मूळ फोटो माझ्याकडे शाबूत होता. खरं सांगायचं तर तो तुकडा कापला नसता, तर मी उभ्या जन्मात तिकडे पाहिलं नसतं. माझी नजर भिंतींवर होती. त्यानं भोक पाडलं आणि माझं बोट धरून मला तिथे नेलं.

कापलेल्या जागी वेशीची भिंत जात होती. पिवळी रेघ, सरळ. आणि एका ठिकाणी ती तुटली होती. तिथे एक हिरवा डाग होता. खाटेएवढा. बाकीचा गहू पिवळा पडला तरी तेवढाच गर्द.

आधी वाटलं, पेव असेल. जुन्या गावांत धान्य साठवायला जमिनीत पेवं खणत. खणून भरलेली जागा भुसभुशीत राहते, ओल धरते, तिथलं पीक जोमात येतं. पण पेव गोल असतं. हा डाग लांबट होता, आणि त्याच्या एका बाजूनं एक अरुंद हिरवी शेपटी निघाली होती, उताराच्या दिशेनं. माझ्या मनात सारखा पळीचा आकार येत होता.

आणि तो भिंतीला छेदून गेला होता. ज्याला छेद जातो ते आधीचं, जो छेदतो तो नंतरचा. आमच्या कामातलं हे पहिलं बाळकडू. म्हणजे कोणीतरी खड्डा खणताना भिंतीच्या विटा उपसून काढल्या होत्या. कधी? हजार वर्षांपूर्वी, की परवा?

मी उपग्रहाचे जुने फोटो काढले. ते धूसर असतात, पण फुकट मिळतात, आणि वर्षवार मिळतात. अपेक्षा पहिलीत जायच्या आधीच्या हिवाळ्यातला एक सापडला. शेतात गहूच होता. वेशीची रेघ पुसट, पण अखंड. डाग नव्हता.

त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी शेत एकसारखं गडद दिसत होतं. ना रेघ, ना डाग.

"कौशल्याबाई, पांढरीत काय पेरता तुम्ही?"

"तूर. दरसाल तूरच." त्या झोळीला झोका देत होत्या. "यंदाच तूर राह्यली, अन् दिवाळीले माह्या मनानं गहू केला. तुरीच्या पेरणीले भाऊजी पाय मोडून बुलढाण्याले दवाखान्यात होते ना, म्हणून. लय रागावले मंग. मी म्हटलं, तूर खाऊन खाऊन कंटाळलो बाप्पा, पोळीले घरचा गहू नको?"

"पण दरसाल तूरच का?"

"मले काय माहीत? पहिल्या साली भाऊजीनं ज्वारी केली होती. ते पीक बरोबर नाही आलं म्हणे. एका जाग्यावर लय उंच गेलं, बाकी खुजं. मी पाहाले जाते म्हटलं, तं त्याईनं हिरवीच कापून बैलाले टाकली. तवापासून तूर."

तूर पुरुषभर वाढते, फांद्या पसरते, ओळीओळींत अंतर असतं. तुरीत कुठे काय उंच आणि कुठे काय खुजं, देवालाही दिसत नाही.

एकच गोष्ट अजून बसत नव्हती: ते लिंबू. मी उठून दारात गेले आणि चौकटीकडे पाहिलं. उतारा उंबऱ्यावर ठेवतात. बाईमाणसानं तो ओलांडावा म्हणून. ओलांडला तरच लागतो, असं मानणारे मानतात. हा उतारा ठेवणाऱ्यानं टाचा उंचावून चौकटीवर ठेवला होता, जिथून तो कोणाला लागणारच नाही.

जिथे रांगत्या पोरीचा हात पोचणार नाही.

दीपकनं अनूला कधी जवळून पाहिलं नव्हतं. गुरुजींनी पाहिलं ते खांद्यावर झोपलेली. ती दिसेल ते तोंडात घालते हे या गावात दोघांनाच ठाऊक होतं. त्यातल्या एक कौशल्याबाई, आणि त्या या क्षणी माझ्या लेकीला अंगाई म्हणत होत्या.

५

हे त्यांना सांगायचं की नाही, यावर मी संध्याकाळपर्यंत घुटमळले. माझ्या एका वाक्यानं त्यांचा नवरा मरणार होता. पण गप्प बसले असते, तर पुढच्या जानेवारीत त्या पुन्हा पंगतीतली तोंडं पाहत चालल्या असत्या.

गोपाळराव गाईचं दूध घेऊन आले तेव्हा मी त्यांना ओसरीवर बसायला सांगितलं. कौशल्याबाईंनाही.

"गोपाळराव, काल संध्याकाळी सगळ्या गावानं मला विचारलं, माझं घर कुठे, माझी विहीर कुठे. तुम्ही काहीच विचारलं नाही."

"मले काय विचाराचं?"

"ज्याला आपलं शेत सापडलं नाही, त्यानं विचारलं. तुम्हाला सापडलं होतं. एवढ्या मोठ्या फोटोत खाटेएवढी जागा. तिथे काय आहे हे आधीच माहीत असल्याशिवाय ती कोणाला सापडणार नाही. मलाही सापडली नव्हती." मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ज्वारी उंच गेली म्हणून तुम्ही कापली. मग तुम्हाला कळलं की पीक चहाडी करतं. म्हणून तूर. यंदा गहू झाला आणि वरून मी पाहिलं."

ते पडद्याकडे पाहत नव्हते. हातातली दुधाची बरणी जरा कलली होती, थेंब थेंब सांडत होतं. ते काही त्यांच्या लक्षात येत नव्हतं.

"लिंबू तुम्हीच ठेवलंत. मला घालवायला, आणि गावानं गुप्तधन-गुप्तधन करत बसावं म्हणून. पण उंबऱ्यावर ठेवायचा जीव झाला नाही तुम्हाला."

"टाचण्या होत्या त्याले," ते पुटपुटले.

कौशल्याबाई आळीपाळीनं आमच्या दोघांकडे पाहत होत्या. "काय बोलून राह्यले तुम्ही? भाऊजी? ताई काय म्हणते?"

"वैनी..."

"त्या जागेत काय हाय?"

गोपाळरावांनी बरणी खाली ठेवली. नीट, भिंतीला टेकवून.

"दादा हाय," ते म्हणाले.

कौशल्याबाईंनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

"वखराले विटा लागल्या होत्या," ते बोलू लागले तसे थांबेनातच. "दादा म्हणे धन हाय. भिंतीच्या कडंकडंनं खणू, हंडा भिंतीखालीच राहते. कोणाले सांगू नको म्हणे, वैनीलेही नको. दिवस मावळतीले आम्ही खणत होतो. तो अंदर, मी वर. पांढरी माती वैनी, कोरडी, पिठासारखी. आवाज बी नाही झाला. मी पाटी ओतून मांगं वळलो तं खड्डाच नव्हता."

"अन् तुम्ही..."

"मी वरून खणलं असतं तं अजून त्याच्यावर पडली असती. म्हणून बाजूनं खणलं. उताराकडून. फावड्यानं, मंग हातानं. त्याचा हात लागला मले." त्यांनी स्वतःचा पंजा उघडून पाहिला. "थंडा पडला होता."

"मंग गावाले काऊन नाही सांगतलं?"

"काय सांगू? खड्डा पाहून लोक काय म्हणले असते? धनासाठी भावाचा बळी देला. तशाच गोष्टी चालू होत्या तवा. पोलिसानं धरलं असतं. माही बायको पोटुशी होती. मी माती लोटली अन् घरी आलो. तुम्ही विचारलं, दादा कोठी? मी म्हटलं, मले काय माहीत. एकदा म्हटलं ना वैनी, का मंग ते पलटवता येत नाही."

"फोटो अख्खाच का नाही काढून टाकला?" न राहवून मी विचारलं.

ते गोंधळले. "बाकी गावाचा होता ना ताई. तो काऊन फाडू?"

मी पडद्यावर त्या पळीच्या दांडीवर, त्या हिरव्या शेपटीवर बोट ठेवलं. उताराकडून आत गेलेली, हातभर रुंद, खड्ड्यापर्यंत पोचून संपलेली. भाऊ काढायला खणलेली वाट. ज्याला बळी द्यायचाय तो अशी वाट खणत नाही. गोपाळराव खरं बोलत होते, याचा जगात एवढा एकच साक्षीदार होता, आणि तोच त्यांनी स्वतःच्या हातानं कापून नाहीसा केला होता.

हे मी कौशल्याबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकलं. शेपटीवरून एकदा बोट फिरवलं, जणू काही पुसता येतंय का पाहत होत्या.

"माती पडली ते देवाचं," त्या अखेर म्हणाल्या. आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली. "तुम्ही घाबरले, तेही समजलं मले. पण हिवऱ्याचं काऊन सांगतलं?"

"तुम्ही जेवत नव्हत्या, वैनी. पोरगी रडे. मले वाटलं, जिता हाय म्हटलं तं..."

"मंग एकदा सांगाचं होतं. दरसाल काऊन?"

ते ओसरीवर सांडलेलं दूध पंजानं पुसू लागले.

"मांगच्या साली एका माणसाच्या मांगं मी मेहकरच्या स्टँडपर्यंत गेली. त्याचा हात धरला. तो म्हणे, बाई पागल हाय का? लोक हसले." त्यांनी डोळे त्यांच्यावरून हटवले नाहीत. "तवा तुम्ही माह्यासंग होते, भाऊजी. बाजूले उभे होते. पिशवी धरून."

गोपाळराव दोन्ही हातांत तोंड झाकून गुडघ्यांवर वाकले. कौशल्याबाई उठल्या, आत गेल्या आणि कडी लावली. झोळीत अनू जागी होऊन रडू लागली तरी कडी उघडली नाही. असं पहिल्यांदाच झालं होतं.

६

पांढरीवर पोलीस आले तेव्हा गहू कापून झाला होता. नुसती पिवळी खुंटं, त्यात हिरवा-पिवळा काही फरक उरला नव्हता. मी मोजून जागा दाखवली. माती कशी काढायची हे मला येतं म्हणून साहेबांनी मलाच खाली उतरायला सांगितलं. अपेक्षा कॉलेजातून आली होती. ती अनूला घेऊन बांधावर बसली होती, तोंड नाल्याकडे करून.

गाव कडेकडेनं उभं होतं. दीपक होता, गुरुजी होते. पांढरी माती ब्रशखाली पिठासारखी सरकत होती.

आधी फावडं लागलं. दांडा कुजलेला, पातं गंजलेलं. मग विटा. मग तो. एका कुशीवर, गुडघे पोटाशी, लहान मुलं झोपतात तसा. उजवा हात मात्र लांब केलेला, उताराच्या बाजूला. त्या बाजूची माती वेगळ्या रंगाची होती, आत आलेल्या वाटेत नंतर भरलेली. तिचं टोक बरोबर त्याच्या बोटांपाशी संपत होतं.

मी वर पाहिलं. कौशल्याबाई खड्ड्याच्या काठावर आल्या होत्या. कोणी त्यांना अडवलं नाही. त्या उकिडव्या बसल्या आणि पुष्कळ वेळ पाहत राहिल्या. पंगतीत तोंडं पाहत असतील तशाच, घाई न करता.

मग जबाब घ्यायला साहेबांनी त्यांना झाडाखाली बोलावलं. गोपाळराव जीपजवळ उभे होते, दोन शिपायांच्या मध्ये. गावातून कुजबूज सुरू झालीच होती: बळी देला, भावाचा बळी देला. ज्या शब्दांना ते इतकी वर्षं भ्याले, तेच शब्द आता गर्दीतून त्यांच्याकडे सरकत येत होते.

"बाई, तुमचा संशय कोणावर?" साहेबांनी विचारलं.

"संशय नाही. माहीत हाय ते सांगते." कौशल्याबाईंनी आवाज चढवला, मागच्या लोकांनाही ऐकू जाईल असा. "माती आपोआप पडली. भाऊजीनं त्याईले काढाले पाह्यलं. बाजूनं खणत गेले, हातापर्यंत पोचले. ते खणलेली वाट तपासा तुम्ही, ताई दाखवते. ते लिहा."

शिपाई लिहू लागला.

"अन् ते मेले हे मले मालूम नव्हतं, अन् भाऊजीनं दरसाल ते जिते हाय म्हणून सांगतलं. हेही लिहा. एक लिहून दुसरं सोडू नका. दोन्ही लिहा."

जीपजवळ गोपाळरावांनी मान वर केली. गर्दी गप्प झाली होती.

"आरोपीचं अन् तुमचं नातं?" साहेबांनी खालच्या आवाजात विचारलं.

"दीर," त्या म्हणाल्या. शिपाई पुढची ओळ सुरू करत होता, त्याला त्यांनी हातानं थांबवलं.

"सख्खा," त्या म्हणाल्या. "सख्खा दीर, असं लिहा."